जरतर वकील आणि पाळीची गाडी

आमच्या गावात कसल्याही कामाचा नारळ फुटला की टाळ्या वाजायच्या, आणि टाळ्या थांबल्या की मागच्या बाकावरून एक आवाज यायचा, "झालं हे छान झालं. पण जर..."

हा आवाज सदाशिवअण्णा वकिलांचा. तोंडावर सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, आणि पाठ फिरली की जरतर वकील. त्यांचं घर आमच्या पिठाच्या गिरणीच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडं. आमचे मालक लष्करात, वर्षातनं एकदा रजेवर यायचे. गिरणी मी आणि माझा धाकटा दीर चालवायचो. दिवसभर मी जात्याशी उभी आणि अण्णा समोर पायरीवर, म्हणजे त्यांच्या पक्षकारांना दिसले नसतील तेवढे अण्णा मला दिसले.

माणूस किडकिडीत, धोतर, काळा कोट, कोटाला पेनं दोन. एक आटलं तर? चष्मे दोन. एक फुटला तर? भर उन्हाळ्यात काखेत छत्री. एकदा मी म्हटलं, "आवं अण्णा, वैशाखात कसली छत्री? पाऊस कुठाय?" तर म्हणाले, "वहिनी, पाऊस असला की छत्री सगळेच घेतात. त्यात काय शहाणपण?"

लग्नात तर त्यांना बोलवावं की नाही, हा आमच्याकडं प्रश्नच असायचा. बोलवावं तर लागायचंच, कारण माणूस सोन्यासारखा. पण अंतरपाट धरलेला, वाजंत्री सज्ज, आणि हे हळूच नवरीच्या बापाला विचारणार, "जनरेटर बंद पडला तर बत्त्या आहेत ना?" त्या बापाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. अक्षता टाकायच्या सोडून तो बत्त्या हुडकत फिरायचा.

आणि गंमत ऐका. साऱ्या गावाच्या जर-तरची काळजी वाहणाऱ्या या माणसानं स्वतःच्या घराची दुसरी किल्ली करून घेतली होती, आणि ती ठेवली होती घरातच, खुंटीला. पहिली हरवली त्या दिवशी माझ्या दिराला कौलं काढून आत उतरावं लागलं. मी पोट धरधरून हसले. अण्णाही हसले. "एवढा एक जर राहिलाच बघा," म्हणाले. चिडायचे नाहीत कधी, हा त्यांचा मोठा गुण. चिडवणाऱ्याला मजाच यायची नाही त्यानं.

बायको फार आधी गेलेली, लेक सांगलीला दिलेली. घरात एकटेच. पण एकटे दिसायचे नाहीत, कारण संध्याकाळ झाली की बापूसाहेब यायचे. बापूसाहेब म्हणजे गावातलं मोठं ऊसवालं घर. अंगानं दांडगे, मिशा भरघोस, बोलणं असं की माझ्या गिरणीच्या आवाजावरनं ऐकू यावं. दोघं एका तालमीत वाढलेले. अण्णांनी तालमीत काय केलं असेल देव जाणे, बहुतेक बापूंच्या कुस्त्या बघितल्या असतील. पण जोडी अशी घट्ट की बापू गावात असले आणि अण्णांच्या पायरीवर दिसले नाहीत, तर लोक विचारायचे, "बापू आजारी हायत का काय?"

आता त्या गाडीचं सांगते. आमचं गाव सातारा आणि सांगलीच्या मधोमध. धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही. कज्जा तालुक्याला चालायचा आणि आजारी माणूस मिरजेला न्यायचा. न्यायचा म्हणजे कसा? बैलगाडीनं फाट्यापर्यंत, मग यष्टी मिळाली तर नशीब. बाळंतीण अडली की सारी आळी देव पाण्यात घालून बसायची. अशात बापूंच्या मनात आलं की गावाची आपली ॲम्ब्युलन्स पाहिजे. आणि त्यांना जोड मिळाली ती कुणाची? तात्यांची!

तात्या म्हणजे बापूंचे चुलतभाऊ. वयानं लहान, पण पीळ तोच. दोघांच्या बापांपासनं वाटणीचा दावा चालू. बांधावरनं डोकी फुटलेली, बायकांचं हळदीकुंकू बंद. भाऊबंदकी म्हणजे काय ते बघायचं असेल तर या दोघांचं बघावं. पण त्या साली देवीनं बुद्धी दिली. दोघं औंधाला यमाईच्या डोंगरावर गेले, बेलभंडार उचलला, "आता पुन्हा भांडायचं न्हाई" म्हणून शपथ घेतली, आणि त्या दिलजमाईच्या आनंदात दोघांनी मिळून गाडी घेतली. जुनीच डिझेल गाडी, पण रंगवून पांढरीशुभ्र केली, वर लाल फुली. मंडळ काढलं, बापू अध्यक्ष, तात्या उपाध्यक्ष. गाडी ठेवायला आमच्या गिरणीला लागून असलेली शेड दिली. चालवायला हवालदार आला. तो जतकडचा, धनगराचा, लष्करात ट्रक चालवून निवृत्त झालेला. अर्धं कानडी, अर्धं हिंदी, उरलेलं मराठी.

गाडीच्या पूजेला सारा गाव लोटला. नारळ फुटला. टाळ्या झाल्या. आणि मागनं आवाज आला, "छान झालं. पण जर तुम्ही दोघं पुन्हा भांडलात, तर ह्या गाडीचं काय?"

जिलबीवरच्या माश्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

बापूंनी आधी हसण्यावारी नेलं. "शुभ बोल रं नाऱ्या, तर म्हणं मांडवाला आग लागली! सद्या, आज तरी गप बस की गड्या."

अण्णा गप बसले नाहीत. कोटाच्या खिशातनं लिहून आणलेला कागदच काढला. उभ्या उभ्या वाचून दाखवला. त्याचा मतलब असा, की गाडी मंडळाच्या नावावर असली तरी ती गावाच्या उपयोगासाठी दिलेली ठेव आहे. मंडळ मोडलं, बुडालं, भांडलं, तरी गाडी उभी राहता कामा नये. मंडळाच्या देण्यापायी ती कुणाला जप्त करता येणार नाही. भांडण झालंच, तर बापू-तात्यांच्या सामाईक विहिरीला जशी पाण्याची पाळी आहे तशी गाडीची पाळी लागेल, सोमवारी दिवस उगवल्यापासनं एकाची, पुढच्या सोमवारपासनं दुसऱ्याची, आणि ज्याची पाळी त्यानं गाडी चालवायची. आणि गाडी थांबली, तर गावातला कुणीही माणूस कोर्टात जाऊन ती चालू करून मागू शकेल.

बापूंचा चेहरा लालबुंद झाला. "यमाईफुडं शबुद दिलाय आमी. बेलभंडार उचललाय. त्येच्यावर वकिलाचा कागद? म्हंजी देवी खोटी, का आमी खोटं?"

"देवी खरी आहे बापू," अण्णा शांतपणे म्हणाले. "पण तिला साक्षीला कसं बोलवायचं? समन्स कोण घेऊन जाणार डोंगरावर?"

लोक हसले, आणि तिथंच घात झाला. बापूंना आपण चारचौघांत हसू झालो असं वाटलं. त्यांनी कागद ओढून घेतला, सही केली, तात्यांपुढं फेकला. तात्यांनीही केली. मग बापू म्हणाले, "झालं समाधान? आता ऐक. आज माझा शबुद तू चारचौघांत फुकट घालवलास. आजपास्नं तुझ्याशी बोलायचं काय कारण न्हाई."

आम्हाला वाटलं, बोलण्याचा भर आहे, संध्याकाळी येतील. संध्याकाळ झाली. अण्णा पायरीवर बसले. बापू आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, आठवड्यानं नाहीत. रस्त्यानं जायचे ते मान वळवून. मला मेलीला फार वाईट वाटायचं. एवढा शहाणा माणूस, एका कागदापायी गावातला एकुलता एक मित्र घालवून बसला! मी एकदा बोललेच, "अण्णा, दुसऱ्या दिवशी दिला असता कागद तर काय बिघडलं असतं? तोंड गोड तरी झालं असतं."

"वहिनी, कागद माणसं आनंदात असतात तेव्हाच करून घ्यायचा," अण्णा म्हणाले. "तेव्हा माणसं उदार असतात. भांडण लागल्यावर कुणी गाडीची पाळी लिहून देईल का?" आणि मग, "पण बापू बोलायचा बंद होईल, हे नव्हतं धरलं."

आता त्यांचं भाकीत खरं ठरलं हे सांगायला मला लाजच वाटते, कारण ते ठरलं आमच्या शेडीपायी.

झालं काय, गाडीच्या दोन्ही अंगांना देणगीदार म्हणून दोघांच्या बापांची नावं रंगवलेली. डाव्या अंगाला बापूंच्या वडिलांचं, उजव्या अंगाला तात्यांच्या वडिलांचं. आणि आमची शेड अशी, की गाडी आत लावली की डावं अंग रस्त्याकडं, उजवं अंग भिंतीला चिकटून. रस्त्यानं येणारं-जाणारं कुत्रंसुद्धा बापूंच्या बापाचं नाव वाचून जायचं! तात्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते शेडीसमोर उभं राहून कडाडले, "माझा बाप भिताडाकडं तोंड करून का हुबा? त्येनं काय शाळंत खोडी केली?"

हवालदारानं तोड सुचवली, गाडी एक दिवस सुलटी लावतो, एक दिवस उलटी. तर बापू म्हणाले, अडल्या वेळी गाडी तोंड बाहेर करूनच पाहिजे. बोलणं खरं होतं, पण तात्यांना वाटलं मुद्दाम करतात. शब्दानं शब्द वाढला. बेलभंडार कुठल्या कुठं गेला. एका सकाळी मी गिरणी उघडायला आले तर शेडीला दोन कुलपं, एक बापूंचं, एक तात्यांचं. आत गाडी, आणि बाहेर हवालदार कपाळाला हात लावून बसलेला. माझ्याच शेडीला, मला न विचारता! माझं डोकंच फिरलं. तशीच पिठाच्या हातानं समोर गेले.

"अण्णा, तुमच्या कागदात गावातलं कुणीबी म्हणून लिवलंय न्हवं? मग चला. मी हाय गावातली."

अण्णांनी हातातला कप खाली ठेवला आणि कोट चढवला. खरं सांगते, त्यांना आनंद झाला नव्हता. आपलं खरं झालं म्हणून छाती फुगवणारे ते नव्हतेच.

तालुक्याच्या कोर्टात मी पहिल्यांदाच चढले. दोन्ही भावांनी साताऱ्याचे वकील आणलेले. त्यातले एक कोट झाडत माझ्याकडं वळले. "बाई, तुमचा या गाडीशी संबंध काय? मंडळाच्या सभासद आहात?"

"न्हाई."

"घरात कुणी आजारी आहे?"

"आज न्हाई."

"मग कशासाठी आलात?"

"आवं साहेब, उद्या पडल की कुणीतरी! गावात काय सगळी अमरपट्टा घिऊन आल्याती?"

कोर्ट हसलं. जज्जसाहेबही चष्मा पुसायला लागले. मग त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि बापू-तात्यांना पुढं बोलावलं.

"तुमचा वाटणीचा दावा किती वर्षं चालू आहे?"

"वडलांच्या वेळंपास्नं."

"एवढ्या वर्षांत कधी एकमेकांची पाण्याची पाळी मोडली?"

दोघांनी एकदम कानाला हात लावले. तात्या म्हणाले, "साहेब, डोकी फोडली आमी, खोटं कशाला बोलू. पर पाळी? पाळी कोण मोडंल?" आणि बापू, ज्यांनी तात्यांकडं ढुंकून बघायचं नाही असं ठरवलेलं, ते म्हणाले, "त्यो म्हंतोय ते खरं हाय. पाप लागंल."

"मग गाडीचीही मोडायची नाही," जज्जसाहेब म्हणाले, आणि अण्णांच्या कागदाप्रमाणे हुकूम दिला. शेडीची कुलपं माझ्यासमोर निघाली. पहिली पाळी बापूंची लागली.

आणि ती झक्क चालली. दावा चालू, अबोला चालू, गाडीही चालू. रविवारी अण्णा गिरणीत ज्वारी घेऊन आले तेव्हा चेहऱ्यावर समाधान होतं. हवालदारानं सलाम ठोकला, "वकीलसाब, गाडी फस्क्लास!"

उजाडला सोमवार. पाळी बदलायचा पहिला सोमवार. तांबडं फुटलं आणि माझी जाऊ, शालन, धाकट्या दिराची बायको, हिला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण. सुईणीनं पोट चाचपलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "पायाळू हाय. पाय फुडं हायती. मला न्हाई झेपायचं हे, मिरजला न्या, बिगीबिगी."

म्हटलं, गाडी दाराशी आहे, देव पाठीशी आहे. शालनला उचलून गाडीत ठेवली. हवालदारानं किल्ली फिरवली. घुर्र, घुर्र, आणि गप्प. पुन्हा फिरवली, गप्प. त्यानं टाकीत काठी घालून बघितली. काठी कोरडी.

झालं होतं असं. दिवस उगवला, पाळी संपली, म्हणून बापूंचे गडी आले आणि टाकीतलं उरलेलं डिझेल नळीनं काढून डब्यातनं घेऊन गेले. चोरी नव्हे हो! आमच्याकडं पाण्याची पाळी तशीच असते. पाळी सरली की आपलं आपण घेऊन जायचं, दुसऱ्याला थेंब ठेवायचा नाही. त्यांनी गाडीला विहिरीचाच कायदा लावला. तात्यांचं डिझेल तालुक्याहून यायचं होतं. त्या सालांत डिझेल मिळायची मारामार, पिंप सकाळच्या यष्टीनं येणार होतं, आणि यष्टीचा पत्ता नव्हता. आमची गिरणी मेली विजेवरची, तिच्यात डिझेल कुठलं?

अण्णा धोतर सावरत आले. सारं ऐकलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "टाकी," एवढंच म्हणाले. "टाकीचं लिहिलं नाही मी."

"आवं, लिवायचं ऱ्हाऊ द्या आता! डिझेल कुठं हाय ते सांगा!" मी ओरडले. आत शालन विव्हळत होती.

तेवढ्यात ओढ्याच्या पलीकडनं विहिरीवरच्या इंजिनाचा ठकठक आवाज आला. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी रिकामा डबा उचलला आणि पळत सुटले. माझ्या मागं अण्णा. त्या माणसाला पळताना गावानं कधी बघितलं नव्हतं. वहाणा ओढ्यात राहिल्या, छत्री कुठं पडली कुणास ठाऊक.

विहिरीवर पाणी त्या दिवशी बापूंचं होतं. बापू स्वतः गुडघाभर चिखलात उसाला पाण्याची दारं धरत उभे. आम्हाला बघून त्यांनी खोरं टेकवलं. अण्णांना धाप लागलेली. कशीबशी वाक्यं जुळवली, "बापू, डिझेल. इंजिनातलं. गाडी कोरडी आहे."

बापूंनी त्यांच्याकडं बघितलं नाही. मला विचारलं, "गाडीत कोण हाय?"

"आमची शालन. पायाळू हाय म्हणं."

बापू तसेच इंजिनाच्या खोपीत शिरले आणि इंजिन बंद केलं. पाटातलं पाणी मंद झालं, थांबलं. सारं शिवार एकदम गप्प झालं. पाळी चालू असताना ते इंजिन कुणी बंद केलेलं मी लग्न होऊन आल्यापासनं ऐकलं नव्हतं. तात्यांनीही नसावं, कारण ते आपल्या वस्तीवरनं टॉवेल हातात घेऊन पळत आले. "कोण गेलं? आवं, कोण गेलं?"

"कुणी न्हाई गेलं," मी म्हटलं, "पर जाईल, असं हुबं ऱ्हायलासा तर!"

बापू डब्यात डिझेल ओतून घेत होते. तात्यांच्या ध्यानात सारं आलं, आणि आता हा माणूस काय बोलावा? "आज गाडीची पाळी माझी हाय. मी त्येचं डिझेल का म्हून घिऊ?"

"तुला कोण देतंय? गाडीला घालतूय," बापू गुरगुरले.

"मग तुझं जेवडं पाणी बुडलं तेवडं माझ्या पाळीतनं घे. उपकार नगं मला!"

"मला बी नगं तुझं पाणी!"

आणि तिथं अण्णा चिडले. आयुष्यात एकदाच, आणि मी ते बघितलंय. "अरे गाढवांनो!" ते ओरडले. "पोरगी तिकडं मरणाच्या दारात आहे आणि तुम्ही मान मोजताय? पळा!"

वकिलानं आपल्याला गाढव म्हटलं, हे दोघांना कळेपर्यंत तात्यांनी डबा हिसकावला आणि ते ओढ्याकडं पळालेही. बापू त्यांच्या मागं, मी बापूंच्या मागं. डबा जड, निम्म्या वाटेत तात्यांना दम लागला तेव्हा बापूंनी दुसऱ्या बाजूनं कडी धरली. एका डब्याला दोघं धरून पळतायत, हे बघून पारावरची माणसं उठून उभी राहिली.

हवालदारानं डिझेल ओतलं. तेवढ्यानं भागत नाही, कोरडी पडलेली डिझेल गाडी पाइपात हवा धरते. ती हवा पाना लावून काढेपर्यंत मी यमाई, म्हसोबा, जे आठवतील ते सगळे देव हाकारले. मग गाडीनं धूर टाकला आणि धरली वाट. मी शालनजवळ बसले. मिरजेला पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, अगदी वेळेवर आणलंत. दुपारपर्यंत पोरगी झाली. चांगली ठणठणीत, रडली अशी की वरच्या मजल्यावर ऐकू जावं.

परत आले तर अण्णा आमच्या गिरणीच्या पायरीवर बसलेले, अनवाणीच. पोरगी झाली ऐकून डोळे पुसले आणि लगेच दुसरा कागद पुढं केला. एकच कलम होतं: टाकीतलं डिझेल गाडीचं, कुणाच्या पाळीचं नाही. तात्यांनी मुकाट सही केली. बापू येऊन बाकावर बसले, अण्णांच्या शेजारीच, आणि मला म्हणाले, "वकीलसाहेबांना म्हणावं, सही कुठं करायची?" हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला! मी अण्णांना सांगितलं, अण्णांनी मला सांगितलं, मी बापूंना सांगितलं. मग बापू म्हणाले, "वकीलसाहेबांना म्हणावं, गाढव कुणाला म्हणालास?" अण्णा मला म्हणाले, "म्हणावं, दोघांना." बापूंच्या मिशा हलल्या, पण उठले आणि गेले. मला वाटलेलं आता तरी बोलतील. बापूंचा पीळ म्हणजे सुंभ जळला तरी जायचा नाही.

गाडीचं मात्र त्यानंतर भाग्य उघडलं. तात्यांनी आपल्या पाळीत नवी गादी घातली. पुढच्या सोमवारी बापूंनी खिडक्यांना पडदे लावले. तात्यांनी पंखा बसवला. बापूंनी यमाईची तसबीर आणि तिला छोटा दिवा. हवालदार हात जोडून म्हणायचा, "साब, और थोडे दिन भांडा तुमी. गाडीत नळ येतंय बघा." कितीतरी बायका त्या गाडीतनं मिरजेला गेल्या आणि लेकरं घेऊन परत आल्या. त्यांतल्या कुणाला विचारलं असतं की तुझी गाडी कुणामुळं चालली, तर कुणी बापू म्हणाली असती, कुणी तात्या. अण्णांचं नाव कुणी घेतलं नसतं. त्याचं मला वाईट वाटायचं, त्यांना नाही. त्यांना सल एकच होता. संध्याकाळी पायरीवर बसायचे ते रस्त्याच्या एकाच टोकाकडं बघत. मी दळण थांबवून उगीच काहीतरी बोलायला जायची. ते उत्तर द्यायचे, पण लक्ष नसायचं.

अशी तीन-चार सालं गेली. मग एका थंडीत अण्णांची छाती धरली. खोकल्यानं माणूस अर्धा झाला. सांगलीची लेक म्हणाली, मिरजेला दाखवू आणि बाबा आता माझ्याकडंच राहतील. आणि तसंच झालं पुढं. ते बरे झाले, लेकीकडंच राहिले, नातवंडांच्या लग्नांतही विचारत असायचे म्हणे काहीबाही. पण आमच्या गावात ते परत आले नाहीत. म्हणून मी शेवटचे बघितलेले अण्णा ते मिरजेला निघाले त्या सकाळचे.

पाळी तात्यांची होती. तात्या स्वतः आले, अण्णांना हातांवर उचलून गादीवर ठेवलं. मी उशाशी तांब्या ठेवला. हवालदाराचा नियम कडक, आजाऱ्याबरोबर आत एकच माणूस, तोही घरचाच. त्यानं मोठ्यानं विचारलं, "घरका कोन है साथ में?"

लेक सांगलीला. दुसरं कोण असणार? मी पदर खोचून पुढं झाले, म्हटलं मीच जाते. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि बापू आले. अंगावर शेतातलेच कपडे. माझ्याकडं बघितलं नाही, तात्यांकडं बघितलं नाही. हवालदाराला म्हणाले, "मी हाय घरचा." आणि वाकून आत चढले.

अण्णांनी डोळे उघडले. दार लागलं. आतलं काही ऐकू येत नव्हतं. गाडी सुटली तेव्हा मागच्या काचेतनं मला एवढंच दिसलं, बापू मोठमोठ्यानं काहीतरी बोलत होते, आणि अण्णा, छाती धरलेला माणूस, कोपरावर उठून त्यांना उत्तर देत होते. फाट्याचं वळण येईपर्यंत दोघांतला एकही गप्प बसला नाही.